ऑर्गनमधला जवळा

ठाण्यातल्या आमच्या शाळेच्या चॅपलमध्ये एक पाइप ऑर्गन होता. त्याला पाइप किती, ते मला विचारू नका. शुद्धीवर असलो तर तीनशे सांगतो, कुणाच्या लग्नात भेटलो तर नऊशे. सगळ्यात मोठा पाइप एवढा जाड, की आमच्या वर्गातला ढोल्या त्यात पडला असता तर दहावीपर्यंत खर्जात ओरडत बसला असता. तो पाइप वाजला की पलीकडच्या स्टाफरूममध्ये चहा बशीत सांडायचा. हे मात्र खरं, आईशप्पथ.

ऑर्गनच्या मागे एक कोंदट खोली. तिथे मोटर आणि एक लाकडी पेटी. मोटर खोलीतली हवा ओढून पेटीत भरायची, आणि पुढे पट्टी दाबली की ती हवा पाइपातून गात बाहेर पडायची. हवा आत जायच्या तोंडाला पूर्वी जाळी होती म्हणे. ती गंजून पडलेली. एवढं लक्षात ठेवा.

नववीत फादरनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापकांनी, ऑर्गन शिकवायला दोघांना निवडलं. एक मी, डोंबिवलीहून रोज येणारा, आणि एक खाडीकाठच्या कोळीवाड्यातली मुलगी. तिला कान होता. मलाही कान आहे, असं माझ्या वडिलांनी फादरना पटवून दिलं होतं. ती एकदा ऐकलेलं दुसऱ्यांदा वाजवायची. मी दहांदा ऐकलेलं अकराव्यांदा विसरायचो.

शाळेच्या सणाला बिशप येणार होते. वाजवायचं एकानेच. आता माझी अडचण समजून घ्या. निवड व्हायच्या आधीच मी आमच्या अख्ख्या बिल्डिंगला सांगून बसलेलो की वाजवणार मीच. बिशप थेट रोमहून येतायत, टीव्हीवर दाखवणारेत, वगैरे. आईने खडवलीच्या मावशीपर्यंत आमंत्रणं केलेली. आणि फादरनी नाव घेतलं तिचं. थापा मारणाऱ्या माणसाची कोंडी कधी कुणाला कळत नाही.

आमच्या घरी माळ्यावर जवळ्याचा डबा असायचा. सुका जवळा, कोलंबीचं ते बारीक वाळवलेलं पोर. शेजारी सगळे शाकाहारी, म्हणून आईने डब्याला तीन पिशव्या गुंडाळलेल्या. मी दोन मुठी काढल्या, टिफिनात भरल्या आणि रंगीत तालमीच्या दिवशी मागच्या खोलीत जाऊन पेटीच्या तोंडाशी ओतल्या.

ती ऑर्गनच्या बाकावर बसली. फादरनी पुढूनच बटण दाबून मोटर चालू केली. तिने दोन्ही हात पट्ट्यांवर ठेवले आणि आधी आला तो वास. तीनशे पाइपांनी, नऊशेच धरा आता, एकदम श्वास सोडला, आणि चॅपलचा पार मासळीबाजार झाला. मग बारके पाइप शिंकायला लागले. एकाने तर फादरच्या टकलावर जवळा उडवला. आणि एक सूर अडकला. तिने हात उचलले, तरी तो आपला चालूच. म्हशीएवढा डास गुणगुणावा तसा.

फादर मागे गेले आणि तळहातावर जवळा घेऊन आले. तालमीला बसलेल्या सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या. खरं तर तेवढ्यावर भागलं असतं. पण मला राहवेना.

"फादर, मी रोज बघतो," मी म्हणालो. "ही डबा मोटरवर ठेवते. गरम व्हावा म्हणून. जवळा-भाकरी असते. तिथेच बसून खाते. कांदा हाताने फोडते."

त्या वयापर्यंतची माझी सगळ्यात उत्तम थाप. कांदा नसता तर फादरनी कदाचित विश्वास ठेवला नसता.

ती बाकावरून उठली. फादरच्या तळहातावरून चिमूटभर जवळा घेऊन बोटांत चोळला. एरवी शाळेत अगदी शुद्ध बोलायची. तेव्हा घरची बोली बाहेर आली.

"यो आमचा नाय. जुना हाय, वाळू हाय यात. आमच्यात कुनी हात पन नाय लावायचा याला. बाजारात कुनीतरी फसलंय."

आणि तिने माझ्याकडे बघितलं. मला, खोटं कशाला सांगू, रागच आला. माझ्या आईला कोण फसवणार? तोंडातून जवळजवळ निघालंच होतं.

"हात दाखव," फादर म्हणाले. तिने दाखवले. फादरनी वास घेतला. आत्ताच चोळलेला जवळा, वास येणारच.

"सी? बघितलंत?" फादर म्हणाले.

शिक्षा अशी: पेटी तिने ब्रशने साफ करायची आणि बाकाला पुन्हा हात लावायचा नाही. तीन दिवस ती मागच्या खोलीत ब्रश चालवत होती आणि पुढे मी सराव करत होतो. मी चुकलो की मागचा ब्रश थांबायचा. त्या तीन दिवसांत ब्रश चालला कमी, थांबला जास्त.

सणाला मी वाजवलं. एक ओळ दोनदा वाजली आणि एक वाजलीच नाही. बिशपनी पाठ थोपटली. आई पैठणी नेसून पहिल्या रांगेत रडत होती. त्या मुलीला पुन्हा त्या बाकावर कुणी बसवलं नाही, आणि तिनेही विचारलं नाही. शाळा सुटेपर्यंत तिचं नाव 'जवळा' पडलं ते पडलंच.

त्या संध्याकाळी आईने माळ्यावरचा डबा काढला. "कमी कसा झाला रे?"

"मांजर," मी म्हणालो.

"जाऊ दे मेला. वाळूच होती नुसती. फसवलंन मला त्या बाईनं."

गेल्या वर्षी माजिवड्याच्या एका हॉटेलात आमच्या बॅचचं गेट-टुगेदर झालं. कोळीवाड्यातली ती पहिल्यांदाच आली. कल्याणला शाळेत गणित शिकवते म्हणाली. मला फर्माइश झाली, ऑर्गनचा किस्सा सांग. मी नऊशे पाइपांपासून सुरुवात केली, आणि काय झालं कुणास ठाऊक, शेवट खरा सांगून टाकला. माझा डबा, माझी मूठ, कांदासुद्धा.

टेबल हसून हसून कोलमडलं.

"अरे, आता आळ पण स्वतःवरच घेतोय हा!"

"ए जवळा, ऐकलंस का? सुटलीस तू!"

मला हायसं वाटलं. लाज नंतर वाटली, आणि तीही फार नाही.

ती हसली नाही. चमचा खाली ठेवून तिने विचारलं, "मूठ वगैरे मला तेव्हाच कळलेलं. वाळूवरून. पण कांदा कुठून सुचला रे तुला?"

"असाच," मी म्हणालो. "ओघात."

"ओघात," ती म्हणाली, आणि पुन्हा जेवायला लागली.

"अजून एक! अजून एक!" बाकीचे ओरडत होते. मी पेला उचलला आणि ढोल्या पाइपात कसा अडकला, ते सांगायला घेतलं.