रविवारी काढलेला नकाशा

समिती हा शब्द ऐकला की अजूनही माझं डोकं फिरतं. सोसायटीच्या बैठकीत कुणी उत्साहाने "आपण एक समिती नेमूया का?" म्हणालं, की मी चहाचं निमित्त करून उठते. शेजारणींना वाटतं, या बाईला चार लोकांच्या कामाची आवड नाही. आवड होती, नको इतकी होती, आणि तिथेच सगळं बिघडलं.

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. वसईत फ्लॅट घेऊन आम्हाला चार-पाच वर्षं झाली होती. मी मुंबईला एका सरकारी कचेरीत ट्रेसर होते, म्हणजे इंजिनियर लोकांनी पेन्सिलीने काढलेले नकाशे पारदर्शक कागदावर शाईने गिरवायचे. अक्षर माझं इतकं सुबक, की साहेब दुसऱ्यांचे नकाशेही मथळे लिहायला माझ्याकडे पाठवत. घरात मी, नवरा आणि सासूबाई. आम्ही दोघं सव्वासहाला घर सोडायचो आणि दिवे लागल्यावर परतायचो. इमारतीतली बहुतेक कमावती माणसं अशीच. आम्ही स्वतःला वसईकर म्हणवून घ्यायचो, पण वसई आम्हाला फक्त रविवारी दिसायची.

त्या सुमारास नगरपरिषदेने जाहीर केलं, की स्टेशनकडून गिरीजच्या बाजूला जाणारा आमचा रस्ता रुंद होणार. दुतर्फा दुकानं तर उगवलीच होती. आता पदपथ, गटारं, रिक्षांचा थांबा, गाड्या लावायला जागा असं सगळं नीट आखून बाजारपेठेचा रस्ता करायचा होता, आणि त्यासाठी रहिवाशांनी सूचना द्याव्यात, त्यांवर पुढे जाहीर सुनावणी घेऊ, असं आवाहन होतं. आमच्या पाच-सहा सोसायट्यांनी मिळून लगेच समिती केली. अध्यक्ष झाले पहिल्या मजल्यावरचे एक गृहस्थ, बँकेतून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले. माणूस बोलायला गोड. "वहिनी, नुसत्या सूचना कोण वाचतं? आपण नकाशाच देऊ. आज रस्त्यावर काय काय आहे, ते टेप लावून मोजू. तुमच्यासारखी कलाकार असताना काय अडलंय?" कलाकार म्हटल्यावर मी हुरळले. खोटं कशाला बोलू?

पाहणी अर्थातच रविवारी. इतर दिवशी आम्हाला वेळ कुठे होता? ओळीने तीन रविवार सकाळी आठ वाजता आम्ही टेप, वही आणि चहाचा थर्मास घेऊन उतरलो. मला ते दिवस आवडले, हेही सांगून टाकते. दुकानांची रुंदी, विजेचे खांब, झाडं, हातपंप, पानाच्या टपऱ्या, सगळं मी टिपलं. चौकात अर्नाळ्याच्या कोळणी ओळीने बसलेल्या, रविवारची ही गर्दी. टेप त्यांच्या टोपल्यांवरून गेली तशी एक जण कडाडली, "ओ साहेब, ती पट्टी उचला! म्हावऱ्याचं पानी उडवताय बायामान्सांच्या अंगावर!" अध्यक्ष दोन पावलं मागे सरले, आम्ही हसलो, आणि मी कोळणींच्या अकरा जागा मोजून वहीत मांडल्या. एकही सुटली नाही.

पुढे दोनशे पावलांवर चिंचेचं मोठं झाड होतं. त्याखाली रस्त्याला लागून चांगली लांबरुंद जागा, स्वच्छ झाडलेली. भिंतीशी ओळीने सपाट दगड मांडलेले. झाडाच्या बेचक्यात घड्या घातलेली गोणपाटं कोंबलेली. जमिनीवर केळीच्या सोपटाचे सुकलेले तुकडे. मी त्यातल्याच एका दगडावर बसले, गुडघ्यावर वही घेतली आणि विचारलं, "इथे काय लिहू?"

अध्यक्षांनी इकडेतिकडे पाहिलं. "इथे काही नाही. लिहा, रिकामी जागा."

मी लिहिलं. घरी येऊन जेवणाच्या टेबलावर कागद पसरून शाईने पक्कंही केलं, माझ्या त्या सुबक अक्षरात: रिकामी जागा, सध्या वापर नाही. आणि समितीच्या सूचनांच्या यादीत तिथे वाहनतळ आलं, कारण रिकाम्या जागेचं दुसरं काय करणार?

नकाशाची निळी प्रत अध्यक्षांनी आमच्या जिन्याखालच्या फलकावर लावली. मी ऑफिसातून आले, तर सासूबाई दारातच उभ्या. माझ्या हातातली पिशवीसुद्धा घेतली नाही त्यांनी.

"त्या नकाशात आमच्या वाडीवाल्या कुठे आहेत गं?"

"कुठल्या वाडीवाल्या?"

"कुठल्या म्हणजे? रोज दुपारी डब्यात काय खातेस तू? अळू कुठून येतं? केळफूल कुठून येतं? चिंचेखाली दहा-बारा जणी बसतात रोज सकाळी, गिरीजकडच्या. सात वाजता येतात, अकराला उठतात. आणि तू लिहिलंस वापर नाही!"

मी म्हटलं, "पण आम्ही तीन वेळा गेलो होतो आई, तिथे कुणीच नव्हतं."

"कधी गेला होतात?"

"रविवारी."

सासूबाईंनी कपाळावर हात मारला. "अगं, ख्रिस्ती बाया त्या. रविवारी मिस्साला जातात. रविवारी त्या धंद्याला बसत नाहीत, एवढंही ठाऊक नाही तुम्हा शहाण्यांना?"

ठाऊक नव्हतं. चार-पाच वर्षं त्या बायकांच्या वाडीतली भाजी माझ्या पोटात जात होती आणि त्या कुठे बसतात, कधी बसत नाहीत, हे मला ठाऊक नव्हतं. ज्या दगडावर मी वही घेऊन बसले, ती कुणाची तरी रोजची बसायची जागा होती. मला फार लाज वाटली. पण लाजेचं मला एवढं वाटत नाही. चूक कुणाकडूनही होते. ती कळल्यावर जे झालं, त्याने अजून माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

पुढच्याच बुधवारी मी रजा टाकली आणि सात वाजता चिंचेखाली जाऊन लांब उभी राहिले. सगळं सासूबाईंनी सांगितल्याप्रमाणे. लाल लुगड्यांतल्या बायका, दगडांवर गोणपाटं, पुढ्यात केळी, भेंडी, विड्याची पानं, सोनचाफ्याचे वाटे. बारा जणी होत्या. मी लांबूनच बारा जागा टिपल्या आणि घरी येऊन नवा कागद काढला. सासूबाईंना बरं वाटलं. त्यांची नेहमीची एक भाजीवाली होती, तिला त्यांनी दुसऱ्या दिवशी सांगून टाकलं, की काही काळजी करू नकोस, माझी सून नकाशे काढते, ती सगळं निस्तरील.

शनिवारी समितीची बैठक होती. मी दुरुस्त नकाशा टेबलावर पसरला आणि काय घडलं ते सांगितलं. वाटलं होतं, सगळे चुकचुकतील, हळहळतील, कागद बदलतील. अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला.

"चूक झाली खरी वहिनी," ते म्हणाले, "पण सोयीची झाली."

कुणीतरी हसलं. मला आधी वाटलं, गंमत करताहेत. मग एकेक जण बोलू लागला. गाड्या लावायला दुसरी जागाच नाही. रस्ता रुंद झाल्यावर भाजीवाल्या काय, कुठेही बसतील. त्यांना नगरपरिषद मंडई बांधून देईल. शिवाय वाड्या काय, आज आहेत, उद्या विकल्या जातील. यातल्या निम्म्या लोकांच्या घरी त्याच सकाळी त्याच बायकांची भाजी आली होती. आम्ही वसईत का आलो, असं कुणी विचारलं की हीच मंडळी हिरव्या वाड्यांचं कौतुक सांगायची. हिरवळ खिडकीतून हवी होती, तिथली बाई मात्र रस्त्यात नको होती. माझा आवाज चढला. मी म्हणाले, हा खोटा नकाशा आहे आणि सुनावणीत मी उभी राहून तसं सांगणार आहे.

बैठक संपल्यावर अध्यक्ष जिन्यात थांबले होते. आवाज तोच, गोड. "वहिनी, तुम्ही सरकारी नोकरीत. कचेरीबाहेर खासगी नकाशे काढलेले चालतात का तुमच्याकडे? नाही, मला नियम माहीत नाही म्हणून विचारतो. सुनावणीत नाव घ्यावं लागलं, तर उगाच तुम्हाला त्रास नको."

याच माणसाने मला कलाकार म्हटलं होतं. त्या क्षणी त्याच्या तोंडावर चार शब्द फेकायला हवे होते. मी "बरं" म्हणाले आणि जिना चढले.

सुनावणी नगरपरिषदेच्या सभागृहात झाली. सासूबाई त्या आठवड्यात नणंदेकडे गेल्या होत्या. मी पहिल्या रांगेत, समितीच्या माणसांमध्ये बसले. पर्समध्ये दुरुस्त नकाशा घडी करून ठेवलेला. अधिकारी इंजिनियर सभ्य माणूस होता, सगळ्यांचं ऐकून घेत होता. चिंचेखालच्या वाहनतळाचा विषय निघाला, तसा मागून एका बाईचा आवाज आला.

"साहेब, तिथं आमी बसतो. माजी सासू पन तिथंच बसायची."

अधिकाऱ्याने समोरचा नकाशा फिरवून पाहिला. "मावशी, यात तर जागा रिकामी दाखवलीय. चांगला तपशीलवार नकाशा आहे, कोळणींच्यासुद्धा अकरा जागा दाखवल्यात." मग आमच्या रांगेकडे बघत त्याने विचारलं, "ही पाहणी कुणी केली?"

"आमच्या समितीने, साहेब. स्वतः टेप लावून, तीन वेळा," अध्यक्ष म्हणाले. "या बायका कधीमधी बसतही असतील. कुणी काय बोलावं, आपण काय सांगणार?"

"कधीमदी नाय हो, रोज बसतो!" मागची बाई म्हणाली. "रोज!"

अधिकारी पुन्हा आमच्याकडे बघू लागला. मला अजूनही वाटतं, तो वाट पाहत होता. एक माणूस उठला असता, तर त्याने लिहून घेतलं असतं. माझा हात पर्सच्या चेनवर होता. मी उठले नाही. मागे वळूनही पाहिलं नाही. त्याने पान उलटलं.

अध्यक्षांवर मी आयुष्यभर चिडत आले आहे. पण तो माणूस निदान स्वतःच्या गाडीसाठी खोटं बोलला. मला गाडी नव्हती. मला फक्त कचेरीतली माझी खुर्ची आणि तिच्यासमोरचं ते उतरतं टेबल सांभाळायचं होतं.

सासूबाई परतल्यावर पहिला प्रश्न तोच. भाजीवालीने त्यांना सांगितलं होतं, की सभागृहात आमच्या बाजूने कुणी बोललं नाही. मी म्हणाले, "तिथे बोलून काही उपयोग नसतो आई. मी लेखी अर्ज दिलाय." हे तोंडातून कसं निघालं मला कळलं नाही, पण अगदी सहज निघालं. सासूबाईंनी विश्वास ठेवला आणि चिंचेखाली जाऊन तेच सांगितलं, रविवारच्या पाहणीचा घोळही सांगितला. अर्ज मी खरंच लिहायला घेतला होता. दोनदा. मायना लिहून झाला, की खाली सही कुणाची करायची तिथे अडायचं.

पुढच्या वर्षी रस्ता झाला. चिंच गेली, दगड गेले, तिथे पांढरे पट्टे आखले. नाल्यापलीकडे एका गल्लीत मंडईची शेड उभी राहिली. तिकडे वाट वाकडी करून कुणी जाईना. काही बायकांनी येणं सोडलं, काही जणी टोपली घेऊन इमारतींचे जिने चढू लागल्या. आमच्या घरात कुणी या विषयावर बोलत नसे.

एकदा तापाने मी घरी होते. सासूबाई दवाखान्यातून माझंच औषध आणायला खाली गेल्या होत्या. बेल वाजली. दारात लाल लुगड्यातली साठीची बाई, डोक्यावर टोपली, तीन मजले चढून धापा टाकणारी. मी टोपली उतरवायला हात दिला. तिने पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, "आई नाय घरात?"

आवाज मी लगेच ओळखला. मागच्या रांगेतला.

"नाहीत," मी म्हटलं.

"आनि ती नकाशे काढनारी सून?"

तिने मला कधीच पाहिलेलं नव्हतं. समोर होते मी, केस विस्कटलेली, अंगावर गाऊन.

"ती ऑफिसला गेलीय," मी म्हणाले. "मी पाहुणी आहे."

"बरं बरं." तिने केळफूल काढून माझ्या हातात ठेवलं, पैसे आईंकडून नंतर घेईन म्हणाली. मग टोपली उचलता उचलता थांबली. "तिला माजा एक निरोप सांगशील, बाय? तिनं आमच्यासाटी अर्ज केलाय ना. तिला सांग, आमी आता रविवारी पन बसू. फादरला विचारलंय आमी, फादर हो म्हनाले. तिला म्हनावं, एकदा परत येऊन मोज."