न लागलेल्या नोकरीचा राजीनामा

आमचे भावोजी लिफ्ट दुरुस्त करतात. म्हणजे करायचे. एका कंपनीत त्यांचा पाय कधी टिकला नाही. एक सोडली साहेब 'अरे' म्हणाला म्हणून, दुसरी सोडली मशीनरूममध्ये पंखा नाही म्हणून. हातात कला होती, नाही म्हणत नाही. नुसत्या आवाजावरून बिघाड सांगायचे. पण मिजास अशी, की जणू सगळं जग यांच्यामुळेच वरखाली होतंय!

घर चाललं ते माझ्या ताईच्या पाळणाघरावर. पुढच्या खोलीत सतरंजी, खिडकीत वाळत घातलेली दुपटी, ओट्यावर दुधाच्या बाटल्या, आणि दिवसभर कुणाला तरी खांद्यावर थोपटत फिरणारी ताई. कामावर जाणाऱ्या बायका तिच्याकडे पोरं सोडून निर्धास्त असायच्या. भावोजी मात्र मुलांना ओलांडून जाताना नाक मुरडायचे. त्याच खोलीच्या कमाईचा चहा पिताना नाही हं मुरडायचे.

मग परदेशातल्या एका कंपनीनं त्यांना घेतलं. व्हिसा आला. रुजू व्हायची तारीख पुढच्या महिन्यातली, पण उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग! लगेच इथली नोकरी सोडली आणि ताईला फर्मान काढलं, "पाळणाघर बंद कर. फॉरेनला जाणाऱ्याची बायको लोकांच्या पोरांची नाकं पुसत बसणार का?" ताईनं एकेका आईला रडत रडत सांगितलं. मुलं पलीकडच्या गल्लीतल्या पाळणाघरात गेली.

इथवरही ठीक होतं. पण तिकडेच काम करणाऱ्या एका जुन्या सोबत्याचा फोन आला, आमच्या कंपनीत ये, पगार जास्त आहे. झालं! यांच्या धंद्याची रीतच ती. जास्त देणारा भेटला की पान्यांची पेटी उचलायची आणि चालू पडायचं. लायसन मेकॅनिकचं असतं, जाईल तिथं चालतं. व्हिसाही तसाच, असं या शहाण्यानं धरलं.

ताई म्हणाली, "अहो, त्यावर पहिल्या कंपनीचं नाव आहे. आधी कुणाला विचारा तरी."

"पासपोर्ट माझा, फोटो माझा, मग व्हिसा काय त्यांच्या बापाचा? तुला काय कळतंय त्यातलं!"

आणि पहिल्या कंपनीला कळवून मोकळे झाले, मी येत नाही. न लागलेल्या नोकरीचा राजीनामा देणारा दुसरा माणूस मी तरी पाहिला नाही.

कंपनीनं व्हिसा रद्द केला. दुसरी म्हणाली, नवा काढत बसायला आम्हाला सवड नाही, आम्हाला दुसरा माणूस मिळाला. भावोजी धावत एजंटकडे. तो कपाळावर हात मारून म्हणाला, "अहो, आधी नव्या कंपनीकडून मंजुरी काढून घ्यायची, मग जुनीला नाही म्हणायचं. तुम्ही सगळंच उलटं केलंत." इथली कंपनीही परत घेईना. तेलही गेलं, तूपही गेलं, हाती धुपाटणं आलं.

पण पडले तरी नाक वर! शेजारच्या काकू चौकशीला आल्या, तर खुर्चीत पाय पसरून म्हणतात, "मी निघालोच होतो हो. हिचाच पाय निघेना. पाळणाघर सुटत नव्हतं ना."

माझं डोकंच फिरलं. "जनाची नाही तर मनाची तरी ठेवा, भावोजी!"

ताईनं मला हातानंच गप्प केलं. इतकी वर्षं ती यांच्यावर पांघरूण घालत आली होती. मला वाटलं, आजही घालणार.

"काकू, व्हिसा यांनी स्वतः घालवला," ती म्हणाली. "पाळणाघरही यांनीच बंद करायला लावलं. उद्यापासून मी पलीकडच्या गल्लीत कामाला जातेय. मुलं तीच, फक्त आता दुसरीच्या हाताखाली."

काकू 'येते गं' म्हणून निघून गेल्या. भावोजी खाली मान घालून बसले होते. चला, थोडी तरी लाज वाटली असेल, असं मला वाटलं. कसली लाज न् कसलं काय!

"सकाळीच जाणार तू?" ते म्हणाले. "मग माझ्या डब्याचं काय?"

ताई सतरंजीची घडी घालत होती. तिनं वरही पाहिलं नाही.

"डबा कशाला? तुम्हाला कुठं जायचंय?"