दर दोन तासांनी थांबा

निवृत्त बसड्रायव्हरने अखेर शेजारच्या तीन देशांतल्या सात देवळांचा मार्ग पेन्सिलीने आखला. नवस बायकोचा होता. तो "पुढच्या वर्षी जाऊ" म्हणत राहिला आणि ती देवाघरी गेली.

सुनेने कागद पाहिला. "बाबा, दर दोन तासांनी थांबा? अशाने देवच कंटाळून उठून जातील!"

"तिचे गुडघे आखडतात," तो बोलून गेला. त्याने खजील होऊन सगळे थांबे खोडरबराने पुसले.

सकाळी ते कागदावर पुन्हा होते. अक्षर त्याचंच होतं, पण लिहिल्याचं त्याला आठवत नव्हतं. त्याने खोडरबर उचललं आणि परत ठेवलं. मग सरहद्दीवरच्या थांब्यापुढे त्याने सावकाश लिहिलं: इथे रांग असते, खुर्ची मागायची.