येतो म्हणून गेलेली गाडी

सुमनवन्सं गेल्याचा फोन हॉस्पिटलातून आला तेव्हा मी त्यांच्यासाठी डब्यात मऊ भात भरत होते. फोन ठेवला आणि डब्याचं झाकण लावलं... कुणासाठी, ते कळायला वेळ लागला.

वन्सं माझ्या थोरल्या नणंद. लहानपणी पोलिओनं दोन्ही पाय गेलेले, जिभेला मात्र धार. चामराजपेटेतल्या आमच्या दारातून सरकारी व्हॅन त्यांना खुर्चीसकट उचलून व्यायामाच्या केंद्रावर न्यायची. तिथं त्या व्यायाम करायच्या, बायकांना शिवण शिकवायच्या, भांडायच्या, खदखदून हसायच्या. मग खर्चात कपात झाली आणि व्हॅन बंद. मी कचेरीत विचारायला गेले तर तिथले साहेब कन्नडात म्हणाले, "स्वल्प अडजस्ट माडी, अम्मा." थोडं जमवून घ्या. घरी सांगितलं तशा वन्सं उसळल्या, "जन्मभर अडजस्टच केलंय की! आता काय उरलंय?" रिक्षावाले खुर्ची बघून पुढं निघून जायचे. ज्यांच्या दारात स्वतःची गाडी, त्यांचं कुठं काय अडतं? मला आजही संताप येतो.

व्हॅनच्या शेवटच्या दिवशी निघताना तिचा ड्रायव्हर मंजण्णा म्हणाला होता, "बरतीनि, अक्का." येतो. आपण नाही का, जातानाही 'येते' म्हणतो? कन्नडातही तसंच. वन्संना हे कळत नव्हतं थोडंच, जन्म या गावात गेला! पण त्यांनी तो शब्द धरूनच ठेवला. "सरकारच्या माणसानं येतो म्हटलंय, वहिनी. मी तयार राहणार." वेणी घालून, इस्त्रीची साडी नेसून दारात बसायच्या. आधी मला तो हट्ट वाटला, पुढं पुढं त्यांच्याकडे बघायची भीती वाटायला लागली. बसून बसून कमरेखाली जखम झाली, चिघळली. आडवं व्हा म्हटलं की म्हणायच्या, "आणि तेवढ्यात ती आली म्हणजे?"

अँब्युलन्स आली तेव्हा त्या तापानं फणफणल्या होत्या. हॉर्न ऐकला आणि चेहरा उजळला. "आली बघा, वहिनी! म्हणाला होता ना?"

मी हो म्हटलं.

आता सकाळी रस्त्यावर मोठी गाडी थांबली की माझे हात थांबतात. दार उघडून बघते. मग आत वळते आणि रिकाम्या खोलीला सांगते, "नाही वन्सं... आपली नव्हे."