चार बोटांची पावलं

आमच्या घरात अंघोळीनंतर ओल्या पायानं कोण हिंडलं, हे आईला कधी विचारावं लागलं नाही. शहाबादी फरशीवर चारच बोटांचे ठसे दिसले की समजायचं, एक तर आप्पा, नाहीतर मी. आम्हा दोघांच्याही दोन्ही पायांचं चौथं बोट आखूड. बोट कसलं, करंगळीशेजारी वर चढून बसलेला शेंगदाणाच. त्याच्या मागचं पंजातलं हाडच पुरतं वाढलेलं नव्हतं, त्यामुळं ते जमिनीला टेकायचंच नाही. "सरळ बापावर गेलीय," आई फरशी पुसता पुसता करवादायची आणि आप्पा मिशीत हसायचे.

आप्पांना हसायला काय जातंय? ते साखर कारखान्यात फिटर, सगळा जन्म बुटात गेला. मी मात्र कळायला लागल्यापासून उघडी चप्पल म्हणून घातली नाही. भर मे महिन्यात बूट. वर उजव्या चवड्याखाली घट्टा पडलेला, शाळेत उभं राहून शिकवलं की ठणकायचा. त्यात लग्न ठरलं, आणि साताऱ्याच्या होणाऱ्या सासूबाईंनी पहिल्याच भेटीत भिंतीवरची फ्रेम दाखवली. थोरल्या सुनेनं घरात येताना पांढऱ्या कापडावर उमटवलेली कुंकवाची पावलं, सगळी बोटं कशी ठसठशीत. "तुझी याच्याच शेजारी लावायची," त्या म्हणाल्या. मी गोड हसले आणि पाय खुर्चीखाली ओढून घेतले. नवऱ्याला माझं बोट ठाऊक होतं, त्याला त्याचं काही नव्हतं. पण भिंतीवर काही तो टांगला जाणार नव्हता.

सांगलीच्या डॉक्टरांनी समजावून सांगितलं. हाड कापायचं, बाहेरून बारीक चौकट बसवायची आणि तिचा स्क्रू रोज थोडा थोडा फिरवायचा. हाडाचे दोन तुकडे हळूहळू लांब जातात, मधल्या फटीत नवं हाड भरतं. आधी उजवा पाय, तो बरा झाला की डावा, मग लग्न. सासरच्यांनी कुरकुर न करता तारीख पुढं ढकलली.

स्क्रू म्हटल्यावर आप्पांच्या अंगात आलं. निवृत्तीनंतर पहिल्यांदाच कुणीतरी त्यांच्या हातात पाना दिला होता. सकाळ-संध्याकाळ चष्मा लावून, माझा पाय उशीवर घेऊन बसायचे.

"दुखतंय का गं?"

"न्हाई."

"जरा ग्रीस लावू?"

"आवं, पोरीचा पाय हाय त्यो, पंप न्हाई," आई स्वयंपाकघरातून ओरडायची.

स्क्रू कुठल्या बाजूला फिरवायचा, त्याचा बाण डॉक्टरांनी बँडेजवर पेनानं काढून दिला होता. ड्रेसिंग बदललं आणि बाण कचऱ्यात गेला. "बाण कशाला पायजे? जल्म गेला माझा यात," आप्पा म्हणाले. आणि जन्मभर जे केलं, तेच त्यांनी केलं. आवळलं. पुढच्या तपासणीला डॉक्टरांनी एक्सरे उजेडाकडं धरला. "काका, आपल्याला हे लांब करायचंय. तुम्ही घट्ट करत आणलंय."

नुकसान काही नव्हतं, उलट फिरवून पुन्हा सुरुवात करायची एवढंच. पण मी जाम भडकले. रात्री जेवले नाही, आप्पांशी बोलले नाही. "ढिलं करायला माझा हातच वळत न्हाई," ते आईला सांगत होते. आई तोंडाला पदर लावून हसत होती. "कारखान्यात पण आसंच करत हुता काय?"

शेवटी चौकट निघाली. ठणका गेला. पाय भिजवायची परवानगी मिळाली त्या सकाळी मी न्हाणीतून बाहेर आले आणि मागं वळून बघितलं, तर फरशीवर उजव्या पायाची पाच बोटं. मी मुद्दाम घरभर ओल्या पायानं हिंडले, आईनं फडकं हातात घेतलं नाही. मग आप्पा अंघोळ करून आले. माझ्या उजव्या ठशाशेजारी त्यांनी आपला उजवा पाय टेकवला आणि उचलला.

"झ्याक झालं काम," ते म्हणाले. मग पंच्यानं डोकं पुसत, हळूच, "आता माझ्यावर गेलीस म्हणून कोण म्हणायचं न्हाई."

या माणसानं इतके महिने माझा पाय उशीवर घेऊन आपलीच खूण पुसून काढली होती, आणि विचारत काय होता, तर दुखतंय का गं. "नाक हाय की तुमचं," मी म्हणाले. "नाकावरचा राग पण तुमचाच." ते हसले, पण ठसे वाळेपर्यंत तिथंच उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी मी फोन करून डाव्या पायाचं ऑपरेशन रद्द केलं. तो तसाही दुखत नव्हता. आईला वाटलं, मी भ्याले. आप्पांनी पाना पुसून पेटीत ठेवून दिला.

साताऱ्यात कुंकवाच्या परातीत पाय बुडवून मी कापडावर टेकवले. सासूबाई वाकून बघत होत्या. "डावं नीट उमटलं नाही वाटतं. परत टेकव." मी परत टेकवला. "ते तसंच उमटतं," म्हणाले. त्यांनी माझ्याकडं बघितलं, पायाकडं बघितलं, आणि आठवड्याभरात फ्रेम करून आणली.

आप्पा पहिल्यांदा भेटायला आले तेव्हा चहाचा कप घेऊन थेट भिंतीपाशी गेले. चष्मा पुसून लावला. "त्ये उजवं बघा," सासूबाईंना म्हणाले, "त्ये काम माझं हाय."

"आणि डावं?" सासूबाईंनी विचारलं.

आप्पांनी चहाचा एक घोट घेतला. "त्ये पण माझंच."