तो स्लो नव्हता

क्वामेने मला फसवलं, असं मी साउथहॅम्प्टनच्या मराठी मंडळींत वर्षानुवर्षं सांगत आलो. फसवलं मी. त्याला. शुभाला, माझ्या बायकोलासुद्धा, हे ठाऊक नाही — तुम्हालाच पहिल्यांदा सांगतोय.

क्वामे घानाचा फुटबॉलपटू. फॉरवर्ड. खालच्या डिव्हिजनमध्ये खेळायचा. दोन हजार सालानंतरची ती वर्षं. माझा जुन्या गाड्यांचा धंदा. तिथे तो गाडी घ्यायला आला आणि मी सांगितलेली किंमत जशीच्या तशी कबूल करून बसला. मलाच राग आला. "अरे, घासाघीस तरी कर!" तो हसला — "यू डू इट फॉर मी, बॉस." मग त्याचे करार करायला मी परीक्षा देऊन खेळाडूंच्या एजंटचं लायसन्सच काढलं.

काय दिवस होते ते! मॅच झाली की तो आमच्याकडे थालीपीठ खायला यायचा. शुभाला "वयनी" म्हणायचा. ती म्हणायची, "पोट भरलं का रे, घोड्या?" — मराठीतच, आणि त्याला कळायचं. आणि त्याचं धावणं! पास सुटायच्या आधी हा सुटलेला असायचा.

जानेवारीत, खेळाडूंनी क्लब बदलायच्या, म्हणजे ट्रान्सफरच्या, शेवटच्या दिवशी, उत्तरेतल्या एका मोठ्या क्लबचा क्वामेसाठी फोन आला. यासाठीच तर तो घर सोडून आला होता. संध्याकाळी मुदत संपणार. त्यांचा माणूस रकमेवर अडून बसला, वर म्हणाला, "स्टिक टु युअर कार्स, मेट."

माझं डोकं फिरलं. पण नुसता राग होता का तो? मी भाव करायला शिकलो पुण्यात, बोहरी आळीत. पटलं नाही की पाठ फिरवून चालू लागायचं — दुकानदार मागून हाक मारतोच. मी फोन आपटला आणि यार्डात गाड्यांमधून फेऱ्या मारत राहिलो. हाकेची वाट पाहत.

हाक आली नाही. त्यांनी दुसरा फॉरवर्ड घेतला. ज्या बाजाराला मुदत असते तिथे पाठ फिरवायची नसते — एवढं मला कळू नये?

क्वामे बॅग भरून आमच्या हॉलमध्ये बसला होता. शुभाने त्याच्या हातावर दहीसुद्धा ठेवलं होतं. मी आत गेलो आणि म्हणालो, "ते म्हणतात, तू स्लो झालायस."

तोंडाला आलं ते बोललो? नाही. कुठलं खोटं त्याला पटेल, याचाच विचार करत मी घरापर्यंत गाडी चालवली होती.

शुभाच भडकली, "अहो, डोळे फुटलेत का त्यांचे?"

त्यानंतर तो आधी विचार करायचा, मग धावायचा. फॉरवर्डचं तिथेच संपतं. पुढे त्याने एजंट बदलला — आणि त्याचा मी केवढा बोभाटा केला!

गेल्या दिवाळीला त्याचा घानातल्या आक्राहून फोन आला. आता पोरांना फुटबॉल शिकवतो. वयनीशी पोटभर बोलला, मग मला हसत विचारलं, "बॉस, खरं सांग. मी स्लोच होतो ना?"

शुभा शेजारी फराळाचं ताट घेऊन उभी होती. एक वाक्य पुरलं असतं.

"थोडासा," मी म्हणालो.

याचा जाब क्वामेला विचारू नका, त्या क्लबलाही नको. मला विचारा.