उघड्या इंजिनातल्या अक्षता

"मिसेस के, जरा इकडे या. आणि हे काय आहे ते मला सांगा," रॉनने टॉर्च माझ्या हातात देत म्हटलं.

इंजिन स्टँडवर आडवं होतं. ज्या बाजूला ऑइल फिल्टर बसतो तिथलं भोक उघडं होतं. त्याच्या तोंडाशी तांदळाचा एक लाल दाणा चिकटला होता.

"अक्षता," मी म्हणाले.

"इंजिनाचा पार्ट आहे का?"

"नाही."

"मला वाटलंच."

मुलांनो, तुम्ही पुण्यात राहता. अक्षता म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. इंजिनाचं मात्र सांगायला हवं.

ही नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. लंडनमधल्या हाउन्सलोला रॉनचं इंजिन रिकंडिशनिंगचं वर्कशॉप होतं. झिजलेलं इंजिन पूर्ण खोलायचं, प्रत्येक भाग मापायचा, बिघडलेलं दुरुस्त करायचं आणि परत जोडायचं, हे तिथलं काम. मी इन्स्पेक्शनला होते. मायक्रोमीटरने मापं घ्यायची आणि भाग योग्य असेल तरच सही करायची. माझ्या सहीशिवाय काहीही जोडलं जात नसे. रॉन मालक असूनही हा नियम त्याने स्वतः कधी मोडला नाही.

गाडी डॉक्टर वर्तकांची होती. पन्नासच्या दशकातली, बाटलीसारखी हिरवी, गोल पाठीची सलून, म्हणजे बंद टपाची गाडी. डॉक्टर सर्जन. तुमच्या आजोबांचे मित्र, म्हणून मला वहिनी म्हणत. एडिनबराला शिकत असताना त्यांनी ती जुनीच विकत घेतली होती. इकडच्या हॉस्पिटलात नोकरी लागली तेव्हा मागच्या सीटवर पुस्तकं आणि प्रेशर कुकर ठेवून ते तिच्यातूनच आले. आता त्याच हॉस्पिटलातून रिटायर होत होते. शेवटचा दिवस शुक्रवार.

"पहिल्या दिवशी हिच्यातून गेलो, वहिनी. शेवटच्या दिवशीही हिच्यातूनच जायचंय. बाकी भाषण-बिषण काय ते होऊ दे."

गाडी निळा धूर सोडत होती. निळा धूर म्हणजे पेट्रोलबरोबर ऑइलही जळतंय. मी सिलिंडर मापले तेव्हा कारण कळलं. पिस्टन घासून घासून सिलिंडरची गोलाई गेली होती. एरवी अशा वेळी सिलिंडर थोडे मोठे कापतात आणि मोठे पिस्टन घालतात. पण हे काम आधी कोणीतरी करून झालेलं होतं. अजून कापलं असतं तर भिंती पातळ झाल्या असत्या.

"दुसरं इंजिन घाला, स्वस्तात मिळेल," असं कोणीही म्हणालं असतं. रॉन म्हणाला नाही. त्याने लायनर बसवले, म्हणजे जुन्या सिलिंडरच्या आत नव्या नळ्या. ते झाल्यावर मी मापलं आणि परत मापलं, कारण काम इतकं सुरेख होतं की माझाच विश्वास बसेना. शिवाय त्याने थोडी सुधारणाही केली. तेव्हा शिसं नसलेलं पेट्रोल नुकतं सगळीकडे मिळू लागलं होतं. शिशामुळे जुन्या इंजिनांच्या व्हॉल्व्हना एक संरक्षण मिळे, ते आता मिळणार नव्हतं. म्हणून व्हॉल्व्ह जिथे टेकतात तिथे त्याने कडक पोलादाच्या रिंगा ठोकल्या. आणि जुन्या कटकटीच्या फिल्टरच्या जागी डब्यासारखा, फिरवून बसवायचा नवा फिल्टर लावायचं ठरलं. तेवढंच बाकी होतं. भोकावर टेप लावलेली होती.

त्या बुधवारी खंडेनवमी होती. डॉक्टर दर वर्षी घराबाहेर ड्राइव्हवेमध्ये, पाऊस असेल तर छत्री धरून, गाडीच्या बॉनेटची पूजा करत. या वर्षी बॉनेटखाली काहीच नव्हतं. म्हणून ते ताम्हन घेऊन वर्कशॉपमध्ये आले. रॉनला विचारलं, "छोटंसं ब्लेसिंग केलं तर चालेल?" रॉन म्हणाला, "हवं ते करा," आणि चहाचं पाणी ठेवायला गेला. मी मापांच्या खोलीत दार लावून बसले होते.

रॉनने हाक मारून मला तो दाणा दाखवला, तेव्हा डॉक्टर तिथेच उभे होते, हातात ताम्हन.

"डॉक्टर, टेप कोणी काढली?"

"मी. पॅकिंगवर काय अक्षता वाहायच्या? म्हटलं, देवाला थेट पोचू द्या."

"किती वाहिल्या?"

"अहो वहिनी, अक्षता कोण मोजतं?"

मी त्यांना समजावलं. त्या भोकातून ऑइल थेट इंजिनाच्या मुख्य नळीत जातं. तिथून प्रत्येक बेअरिंगला बारीक वाट जाते. फिल्टरच्या पुढचा रस्ता हा, मध्ये अडवायला काहीच नाही. एखादा दाणा वाटेत अडकला, तर त्या बेअरिंगला ऑइल मिळणार नाही आणि ते जळून जाईल.

डॉक्टरांचा चेहरा बदलला. "म्हणजे आर्टरीतली गुठळी."

"तसंच."

रॉनला शुक्रवारचं माहीत होतं. त्याने घसा साफ केला. "डॉक्टर, हवेने फुंकू शकतो. ऑइल मारून धुऊ शकतो. बहुतेक सगळं निघून येईल. उद्या इंजिन गाडीत, परवा तुम्ही हॉस्पिटलात."

"बहुतेक?"

"बहुतेक."

"आणि तुमची गाडी असती तर?"

रॉनने नकारार्थी मान हलवली. डॉक्टर माझ्याकडे वळले. "वहिनी, तुम्ही सही कराल?"

"जे दिसतं ते मी मापू शकते, डॉक्टर. आत काय आहे ते मला दिसत नाही."

जन्मभर डॉक्टरांनी पोट शिवायच्या आधी आतले स्वॅब, म्हणजे रक्त टिपायचे बोळे, मोजून घेतले होते. एक जरी कमी भरला तरी टाके घालत नसत, मग घड्याळात काही का वाजलेलं असेना.

"काउंट जुळत नाही," ते म्हणाले. "उघडा."

"शुक्रवार जाईल," रॉन म्हणाला.

"जाऊ दे. पेशंट माझा आहे, आणि चूकही माझी."

रॉनने मग स्पॅनर उचलला. पण दोघांनी एकमेकांकडे ज्या नजरेने पाहिलं, ती मला आठवते. आपल्याच जातीचा कारागीर भेटला की माणूस तसं बघतो.

शुक्रवारी डॉक्टर बसने हॉस्पिटलात गेले. भाषणं झाली. मोठा पुष्पगुच्छ मिळाला, तो मांडीवर घेऊन बसनेच परत आले.

इकडे आम्ही इंजिन पार खोललं. क्रँक, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडा, बाहेर काढला, नळ्यांची बुचं काढली, लांब ब्रशने आतून घासलं. बरेचसे दाणे सहज पडले. एक मात्र मधल्या बेअरिंगच्या वाटेत पाचरीसारखा बसला होता. हवेनेही हलला नाही. तो रॉनने तारेने काढला, छोट्या बाटलीत घातला आणि डॉक्टरांना दिला.

"तुम्ही पेशंटला त्याचे खडे असेच देता ना?"

डॉक्टर इतके हसले की त्यांना चष्मा काढावा लागला.

पुढच्या आठवड्यात इंजिन पहिल्या चावीला सुरू झालं. धूर नाही, खडखड नाही. रॉनने चालू इंजिनाच्या बंद रॉकर कव्हरवर, म्हणजे वरच्या झाकणावर, नाणं उभं करून दाखवलं, ते पडलं नाही. डॉक्टर गाडी घेऊन थेट हॉस्पिटलात गेले. स्टाफ पार्किंगचा पास संपलेला, म्हणून व्हिजिटर्समध्ये लावावी लागली. तरी ऑपरेशन थिएटरच्या सिस्टर आणि पोर्टर खाली उतरले आणि गाडीभोवती जमले. हे मला त्यांच्या बायकोने सांगितलं. डॉक्टर फक्त एवढंच म्हणाले, "मस्त चालते, वहिनी."

रॉनच्या भिंतीवर 'नो स्मोकिंग, नो फूड' अशी पाटी होती. त्याखाली त्याने रंगाने 'नो राइस' लिहिलं. नवी गिऱ्हाइकं विचारत तेव्हा गंभीरपणे सांगे, "मेडिकल कारणं आहेत."

पूजा जरूर करावी. झाकण लावल्यावर.